तुझं इंजिन उलटं का फिरलं

सोपान,

परवा कन्हेरीत तुझा दहावा झाला. लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलले, इतकं चांगलं की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला येऊन बसलो की काय, असं मला वाटायला लागलं. "शांत स्वभावाचा माणूस," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मला हसू फुटलं. ते दाबायला मी रुमाल तोंडाशी धरला, तर शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं. शांत म्हणे! पितळेच्या एका वायसरवरून तू माझ्याशी पावसाळाभर भांडला होतास.

तुझं रान किती होतं, मागे कोण कोण आहे, हे सगळं तिथे सांगून झालं. ते पुन्हा लिहायला मी बसलेलो नाही. मला तुझ्याशी एकाच दिवसाबद्दल बोलायचंय, इंदापूरच्या प्रदर्शनाच्या. त्या दिवसाचं एक सांगायचं राहून गेलं. चार वर्षं राहिलं. दर भेटीत ओठांपर्यंत यायचं आणि तेवढ्यात तू काहीतरी नवीन भांडण काढायचास, नाहीतर मी काढायचो.

पण आधी बारामती. तिथल्या शेतीच्या प्रदर्शनात मी कालव्याच्या कचेरीचे नकाशे टांगायला आलो होतो. ट्रेसरचं काम ते. साहेबाने काढलेल्या रेघा गिरवायच्या आणि साहेब म्हणेल तिथे टांगायच्या. नकाशे टांगून झाले आणि मी उंडारायला लागलो. फ्लॉवरच्या ढिगामागे तू उकिडवा बसला होतास. समोर वीतभर उंचीचा पितळी पंप. तू त्याचा दांडा हलवायचास आणि तांब्यातलं पाणी वर येऊन पुन्हा तांब्यात पडायचं. बघायला कुणी नव्हतं. सगळे बैल बघायला गेले होते.

मी खिशातली पट्टी काढली, खाली बसलो आणि मापं घेतली. तुला नमस्कारही केला नाही. म्हणालो, "दांडा जाड झालाय. एवढ्या पंपाला एवढा दांडा मापात बसत नाही."

तू वर बघितलंस. "पाणी वर येतंय का न्हाय?"

"येतंय. पण माप..."

"मग दांड्याला काय इचारताय? पाण्याला इचारा की."

माझी परतीची बस त्या दिवशी चुकली. मांडवाचे बांबू उतरवायला माणसं आली तरी आपण तिथेच बसून वाद घालत होतो. छोटं यंत्र मोठ्याच्या हुबेहूब मापात असावं, नाहीतर ते खेळणं, हे माझं म्हणणं. छोटं यंत्र चाललं पाहिजे, नाहीतर ते देव्हाऱ्यात ठेवायचं, हे तुझं. या वादाचा निकाल लागला नाही आणि आता लागणारही नाही. याचा मला राग येतो. तुझाच येतो. असा वाद अर्धा टाकून कुणी जातं का?

पण त्या दिवशी इंदापूरला परतताना मी किती आनंदात होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. असलं वेड असलेला माणूस मी एकटाच, अशी माझी समजूत होती. माझ्या घरात पुरणयंत्राचं हँडल नाहीसं झालं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या. तुझ्या घरातला तांब्याचा बंब तर नळीसकट गेला होता आणि त्या नळीचा तू बॉयलर केला होतास. हे ऐकलं तेव्हा मला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

तुझा लेथ आठवतो. शिलाईच्या मशीनच्या पायटावर तू तो बसवला होतास. पायाने दाबत राहायचं, वर पितळ फिरायचं, आणि तू एका हाताने हत्यार धरून डोळे बारीक करून बसायचास. गोठ्याशेजारच्या त्या पत्र्याच्या खोलीत ऊन असं तापायचं की माझा सदरा भिजून जायचा. तुला काही कळायचं नाही. आणि नेमकं तेच आबांना, तुझ्या वडिलांना, खुपायचं.

त्यांचं काय चुकलं म्हणा! कालव्याच्या पाण्याची पाळी आली होती. आबा वरच्या बांधाला, वांग्याच्या वाफ्यांवर तू. पाणी तुझ्या तुकड्याकडे वळवायची वेळ आली आणि तू लेथवर. पाळी निघून गेली, पाणी पुढच्याच्या रानात गेलं. पुढची पाळी येईपर्यंत वांग्यांनी माना टाकल्या. आबा ओरडले नाहीत. खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पंप झाला. त्याच्या आधी पिठाची गिरण झाली. समदं तांब्याएवढं. आता इंदापुरात परदर्शन भरतंय. तितं चारचौघांत तुझ्या इंजिनावर ऊस गाळून दाव. रस निघाला तर लेथ ऱ्हाईल. न्हाय निघाला तर बाजारात जाईल, आन तू रानात."

हे तू मला पोस्टकार्डावर कळवलंस आणि खाली लिहिलंस, "नकाशेवाले, या खेपेला मापात करू. तुमी सांगाल तसं. डोळ्यानं केलेलं नको." म्हणजे लेथ वाचवण्यासाठी तू आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकायला तयार झालास. मला काय चढलं असेल! मी ते कार्ड बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

ठरलं असं की वाफेचं इंजिन तू कन्हेरीला करायचंस आणि उसाचा छोटा चरक मी इंदापूरला. एका इंग्रजी मासिकात इंजिनाचा नकाशा होता. तो मी ट्रेसिंगच्या कापडावर उतरवला. कापड आरपार दिसतं, हे तुला ठाऊक आहे. त्या रात्री मी फक्त रेघा काढल्या. शब्द आणि आकडे मुद्दामच सकाळसाठी ठेवले, कारण ते तुझ्यासाठी मराठीत लिहायचे होते. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला तुझी अडचण होऊ द्यायची नव्हती. सकाळी कापड पुन्हा फळ्यावर लावलं आणि झोकात, वळणदार अक्षरात सगळं लिहून काढलं. सिलिंडर, दट्ट्या, चाक, एकूण एक माप. फक्त कापड पालथं लावलं गेलं होतं. अक्षरं सरळ आणि इंजिन आरशातलं. उजवं ते डावं.

कचेरीत बारा वर्षं ट्रेसिंग करणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली. अक्षरं आधी लिहिली असती तर ती उलटी दिसून लगेच कळलं असतं.

तुला मात्र संशय आला होता. अर्धं काम झाल्यावर तुझं कार्ड आलं: "चाक डाव्या अंगाला कसं? बारामतीच्या गिरणीत उजव्या अंगाला हाय." आणि मी काय उत्तर धाडलं? "नकाशाप्रमाणे करावे. शंका काढू नये." चुकीची शाई वाळायच्या आत माणसाच्या अंगात साहेब संचारतो, तो असा. तू पुन्हा विचारलं नाहीस. नकाशाप्रमाणे केलंस. केसभर इकडेतिकडे केलं नाहीस.

आदल्या दिवशी इंजिन आणून चरकाला जोडून बघायचं ठरलं होतं. पण पाण्याची पाळी लांबली आणि वांग्यांच्या प्रकरणानंतर आबा तुला पाळी संपल्याशिवाय सोडणार नव्हते. तू आलास ते प्रदर्शनाच्या दिवशीच, सकाळच्या बसने. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं इंजिन आणि शेजारच्या बाकावर आबा, नवा पटका बांधून. निकाल ऐकायला आल्यासारखे.

काय दिवस होता तो! शाळेच्या पटांगणात मांडव, आणि एका कोपऱ्यात हाती बनवलेल्या यंत्रांची ओळ. आपण दोघंच नाही, आपल्यासारखे आणखी आहेत, हे त्या दिवशी कळलं. दौंडचे निवृत्त फिटरकाका आपलं हातभर रेल्वे इंजिन घेऊन आले होते आणि कुणी बोट लावलं की हातावर चापट मारत होते. डाळजचा एक शेतकरी बाभळीच्या लाकडाची मोट घेऊन आला होता, खेळण्यातल्या बैलांसकट. चहा विसरून तुम्ही सगळे एकमेकांच्या यंत्रांखाली माना घालून बसलात. फिटरकाका तुझं सिलिंडर पाहून म्हणाले, "हे लेथवर केलंस? पायाच्या?" तू नुसती मान हलवलीस. "मग आमची वर्कशॉप बंद करायला हरकत नाही," ते म्हणाले. तुझे कान लाल झाले. मी बघितले.

दारूबंदीच्या दिवसांत दुकानात स्पिरिट मागितलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाचा वास घ्यायचा. म्हणून आपण बॉयलर रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवला होता. वाफ धरायला लागली. गर्दी जमली. माझे साहेबही आले आणि अगदी टेबलाला टेकून उभे राहिले. आबा जरा मागे, हात पाठीशी बांधून.

तू वाफ सोडलीस. चाक एकदा अडखळलं, मग सुटलं. सुंदर सुटलं! टाळ्या पडल्या. तू कंदिलाच्या वातीचा केलेला पट्टा चरकावर चढवलास, मी बोटाएवढ्या जाडीचं सोललेलं उसाचं कांडं तोंडात दिलं आणि चरकाने ते घ्यायच्याऐवजी माझ्या हातात परत ढकललं. पुन्हा दिलं. पुन्हा परत. तिसऱ्यांदा ते उडून साहेबांच्या कोटावर पडलं.

लोक हसले. मी चाकाकडे बघितलं. चाक उलटं फिरत होतं. का फिरत होतं, ते त्याच क्षणी मला कळलं. कापड, सकाळ, फळा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

साहेब कोट झटकत म्हणाले, "नकाशा कुणाचा आहे?"

सोपान, तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. माझं कार्ड तुझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, मला त्याचा कोपरा दिसत होता. ते काढून टेबलावर ठेवलं असतंस तरी मी काही म्हणू शकलो नसतो. लेथ तुझा जाणार होता, माझं काहीच जाणार नव्हतं. फार तर कचेरीत चार दिवस हसं झालं असतं.

"नकाशा बराबर हाय साहेब," तू म्हणालास. "म्याच बघताना उलटा धरला."

आणि मी गप्प बसलो. हेच ते. हेच सांगायचं राहिलं होतं. चूक माझी होती हे तुला ठाऊक होतं आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, पण मी एकदाही तोंडाने म्हणालो नाही. आज म्हणतो. चूक माझी होती, सोपान. तुझं इंजिन माझ्या उलट्या नकाशात एक केसही चुकलेलं नव्हतं.

फिटरकाका वाकले, आतली जोडणी बघून म्हणाले, "मेखा ठोकल्यात. उलगडायचं तर दोन तास." मी चरक फिरवून ठेवायला गेलो, पण त्याला पट्ट्याचं चाक एकाच बाजूला होतं, मापात केला होता ना मी! गर्दी पांगायला लागली. बाजूला भोपळे होते, लोक भोपळ्यांकडे निघाले. तू स्टोव्ह बंद करायला हात घातलास. बंद केला असतास की संपलं. आबांना जिंकायला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

"आरं, थांब!"

आबा लोकांना कोपराने सारत पुढे आले. चेहऱ्यावर असा वैताग, जणू कुणी त्यांच्या रानात पाणी उलट्या उताराला लावलंय.

"आरं, पट्ट्याला कातरी मार की! गिरणीत काय करत्यात? चाक हिकडं फिरतंय आन जातं तिकडं फिरवायचंय, तर पट्टा मधी कातरीवानी घालत्यात. बघितलं न्हाईस कवा?"

तू बघतच राहिलास. मी बघत राहिलो. दौंडच्या शेडमध्ये जन्म काढलेले फिटरकाकाही बघत राहिले. आबांनी वाट पाहिली नाही. वांगी तोडून काळवंडलेल्या जाड बोटांनी त्यांनी वातीचा पट्टा काढला, मधे एक तिढा दिला आणि परत चढवला. वाफेचा चटका बसला तर म्हणाले, "हां, हां, थांब जरा," जणू वासराला म्हणताहेत.

मग म्हणाले, "सोड."

तू वाफ सोडलीस. इंजिन तसंच फिरलं, माझ्या चुकीने फिरवलं तसं, आणि चरक सरळ फिरला. कांडं तोंडात दिलं, त्याने ते गप्पकन घेतलं. मागून चिपाड बाहेर आलं. आणि खाली, माझ्या बायकोच्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणात, एक थेंब पडला. दुसरा. मग धार. दोऱ्याएवढी, पण धार!

फिटरकाका ओरडले. डाळजचा शेतकरी आपली मोट सोडून पळत आला. भोपळ्यांकडे गेलेले लोक परत आले आणि भोपळेवालाही आला. साहेबांनी हात पुढे केला तर आबा म्हणाले, "थांबा साहेब, आधी म्या." बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"ग्वाड हाय," आबा म्हणाले.

तू हसलास. तुझं तसं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं. मग दीडशे लोकांनी तळहातावर एकेक थेंब घेतला. नव्या साखर कारखान्याची चर्चा करणारी पुढारी मंडळीही ओळीत उभी राहिली. फिटरकाकांनी आबांना विचारलं, "आपण कुठल्या शेडला होता?" आबा म्हणाले, "वांग्याच्या." पहिलं बक्षीस भोपळ्याला मिळालं आणि आपल्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. परतीच्या बसमध्ये इंजिन आबांच्या मांडीवर होतं. चढणाऱ्या प्रत्येकाला ते पट्टा कसा घालायचा ते सांगत होते, हे तूच मला कळवलंस, तेही तक्रारीच्या सुरात. "बारामतीपतुर कातरीच चालली व्हती," असं लिहिलंस.

लेथ राहिला. पुढे मी कन्हेरीला यायचो तेव्हा पायटावर आबा असायचे. ते पाय मारायचे, तू हत्यार धरायचास आणि दोघांचं चालू असायचं: "जरा हळू मारा," "तू हत्यार नीट धर." चार वर्षं. पाण्याची पाळी एकदाही चुकली नाही, कारण दोघं मिळून जायचात आणि दोघं मिळून परत यायचात.

परवा दहाव्याची माणसं गेली आणि आबा त्या पत्र्याच्या खोलीत एकटेच बसले होते. मी आत गेलो. तुला सांगता आलं नाही ते निदान त्यांना सांगावं म्हणून म्हणालो, "आबा, इंदापूरला इंजिन उलटं फिरलं ना, ती सोपानची चूक नव्हती. माझी होती. नकाशा मी उलटा काढला होता. त्याने मला वाचवलं आणि मी गप्प बसलो."

आबांनी माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं, आता हे मला जा म्हणतील, आणि म्हणाले तर बरोबरच आहे.

"नकाशेवाले," ते म्हणाले, "सरळ फिरलं असतं तर काय झालं असतं, सांगू? म्या रस बघितला असता, मान हलवली असती आन बस धरून घरी आलो असतो. लेथ ऱ्हायला असता. पर त्याचा त्येच्यापाशी ऱ्हायला असता. आमी बापल्योक त्या दिसापतुर निस्तं पाण्याच्या पाळीचं बोलायचो. 'आली का?' 'आली.' 'सोडलं का?' 'सोडलं.' बास. उलटं फिरलं म्हून माझा हात लागला." त्यांनी आपली बोटं समोर धरून बघितली. "चार वर्सं त्यो हितं बसून मला समदं सांगायचा. माफी कसली मागता? मला माझा ल्योक गावला, त्यो तुमच्या चुकीपायी."

मी आबांच्या पाया पडलो. एकदा माझ्याकडून, सोपान, आणि एकदा तुझ्याकडून.